बोगनवेलीवरची माया

परवा दौंडला लेकीकडे गेलो होतो. दारातली बोगनवेल हिरवीगार, पण फूल म्हणून नाही. "बाबा, रोज दोन बादल्या घालते, तरी ही अशी. आता काढूनच टाकणार," लेक म्हणाली. म्हटलं, दोन बादल्याच नडतायत.

आमच्या शिरूरच्या कुंपणावर हीच वेल आहे. मुरमाड जमीन, दिवसभर ऊन, आणि उन्हाळ्यात आठवड्यातून एकदा भाजी धुतलेलं पाणी. मार्चमध्ये पान दिसत नाही इतकी रंगते. (फुलं म्हणतो ती खरं तर रंगीत पानंच, खरं फूल त्यांच्या मधलं इवलंसं, पांढुरकं. वर्गात फांदी नेऊन दाखवली तरी पोरांना पटत नसे.) बूगनव्हील या फ्रेंच दर्यावर्दीच्या जहाजावरच्या वनस्पतितज्ज्ञाला ती १७६७ साली ब्राझीलमध्ये सापडली. पण आमच्या अवर्षणाशी तिचं छान जमलं.

लेकीच्या दारात पाणी धरून ठेवणारी काळी माती. दौंड तालुक्यात खडकवासल्याचा कालवा आला, ऊस आला, आणि भरपूर पाणी म्हणजे माया ही समजूतही आली. उन्हाळ्यात माणसं टँकरची वाट बघतात, आणि आपण नको असलेल्या झाडाला बादल्या ओततो, हे मला पटत नाही.

लेकीला सांगितलं, पाणी तोड. माती नीट वाळू दे, पानं मलूल झाली की एकदाच भरपूर घाल. बहर सरला की छाटणी कर.

काल तिचा फोन. "बाबा, पानं गळतायत!"

"गळू देत," म्हटलं. म्हटलं खरं, पण रात्री मलाच झोप नाही.