जुनी सायकल हलकी करणे हा कारागिराचा धंदा

जुनी माउंटन सायकल जड लागते म्हणून गिऱ्हाईक नवी घ्यायला निघते. ते शोरूमकडे वळण्याआधी कारागीर बांधवांनी त्याला थांबवावे, असे आम्हाला वाटते. आधी नको असलेले स्टँड, कॅरिअर उतरवा, खर्च शून्य. मग लोखंडी रिम काढून ॲल्युमिनियमची बसवा. वजन घटते, पावसात ब्रेकही चांगला लागतो, आणि स्पोक बांधण्याची मजुरी आपल्याच हाताला मिळते. डांबरी रस्त्यासाठी खाचांचा जाड टायर बदलून अरुंद, गुळगुळीत टायर द्या. मात्र नुसते ‘२६ इंच’ पाहू नका; टायरवरचा ५५९ हा आकडा जुळवा. ५९० चा टायर या रिमवर बसत नाही. जुना-नवा भाग गिऱ्हाईकासमोर तोलून दाखवा. फरक नगण्य असेल तर तो भाग विकू नका. असे गिऱ्हाईक पुन्हा येते.