आधी रक्कम ठेवा, मग दाद मागा

गुहागर तालुक्यातील अंजनवेलच्या प्रकल्पाला कागदोपत्री कोणतेही नाव असो, कोकणी माणसाच्या तोंडी तो 'एन्रॉन'च आहे. जानेवारी 2001 मध्ये पूर्ण क्षमतेने वीज देण्यात कसूर केल्याचे सांगत राज्य वीज मंडळाने दाभोळ पॉवर कंपनीवर सुमारे 400 कोटी रुपयांचा दंड आकारला. कंपनीने तो भरला नाही. मंडळाने तो थकीत बिलातून वळता करताच कंपनीने शासनाच्या हमीपत्रांवर बोट ठेवले आणि लंडनच्या लवादाकडे धाव घेतली. मे 2001 मध्ये राज्य वीज नियामक आयोगाने लवादाची वाटचाल तूर्त रोखली, आणि डिसेंबरात मूळची एन्रॉनच दिवाळखोरीत गेली. (1996 मध्ये या प्रकल्पाला केंद्राची प्रतिहमी देणारे सरकार आपल्याच विचारांचे होते, हेही स्वदेशीच्या पाईकांनी विसरू नये.)

दंड थकवून वरच्या दारात न्याय मागणाऱ्याचे अपील चालू ठेवावे काय? आमचे मत स्पष्ट आहे : ते फेटाळू नये, पण रक्कम जमा होईपर्यंत थांबवावे. मात्र एन्रॉनच्या प्रकरणात दंड आकारणारे मंडळ स्वतःच कराराचा पक्षकार होते. फिर्यादी तोच आणि न्यायाधीशही तोच. अशा वेळी रक्कम मंडळाच्या तिजोरीत नव्हे, त्रयस्थाकडे ठेवणेच न्यायाचे. सर्वोच्च न्यायालयानेही 2004 मध्ये मार्डिया केमिकल्स प्रकरणात, पहिल्याच दारात 75 टक्के रक्कम मागणारी बँक वसुली कायद्यातील तरतूद रद्द केली, ती याच भावनेने. ज्याचे म्हणणे कोणीच ऐकलेले नाही, त्याच्याकडून आधी पैसे घेणे हा अन्यायच. परंतु एकदा त्रयस्थाने निकाल दिला की चित्र पालटते.

1986 च्या ग्राहक कायद्यात अपिलासाठी निम्मी रक्कम किंवा 25,000 रुपये, यांपैकी जी कमी असेल ती राज्य आयोगात भरावी लागे. मोठ्या कंपनीला 25,000 म्हणजे वकिलाच्या चहापाण्याचा खर्च! 2019 च्या कायद्याने ही पळवाट बुजवून निम्मी रक्कम सक्तीची केली. स्पर्धा आयोगाने ऑक्टोबर 2022 मध्ये गूगलला 1,337.76 कोटींचा दंड केला, तेव्हा अपील न्यायाधिकरणाने 10 टक्के भरण्यास सांगितले. सर्वोच्च न्यायालयानेही ते बदलले नाही. 2023 च्या दुरुस्तीने तेथे 25 टक्के अनिवार्य झाले. लघुउद्योजकाची देणी थकवणाऱ्या बड्या खरेदीदाराला तर निवाड्याला आव्हान देताना 75 टक्के भरावे लागतात. काजूच्या कारखान्याला यंत्रे पुरवणाऱ्या एखाद्या छोट्या कारागिराला या आकड्याचे मोल कळेल.

आता लोट्याकडे पाहा. रासायनिक सांडपाण्याने दाभोळ खाडीतील मासळी मरते, ही मच्छीमारांची तक्रार अनेक दशकांची. 2023 च्या जनविश्वास कायद्याने पर्यावरण संरक्षण कायद्यातील तुरुंगवास जाऊन दंड आला, तो 10 हजारांपासून 15 लाखांपर्यंत. त्याविरुद्ध हरित न्यायाधिकरणात जाताना दंडाचे 10 टक्के भरायचे. कमाल दंडावर ही रक्कम दीड लाख होते; तेवढी ठेवली की अपील कितीही वर्षे चालो. ग्राहकाच्या भांडणात निम्मी रक्कम, आणि खाडीच्या भांडणात दहावा हिस्सा : हे प्रमाण कोणत्या तराजूत तोलले, ते संसदेतील आपल्या प्रतिनिधींना विचारायला हवे.