आधी संस्थेने, मग सेवकाने

पर्यावरणरक्षणाचा संकल्प आज बहुतेक मोठ्या संस्थांच्या वार्षिक अहवालात आढळतो. परंतु अहवालातील संकल्प आणि कामगाराच्या हाताची सवय यांत मोठे अंतर असते. हे अंतर कशाने मिटते, हा प्रश्न आम्हांस महत्त्वाचा वाटतो. कारण ब्रिटनमधील आपल्या अनेक कुटुंबांची भाकरी रुग्णालये, कारखाने व कचेऱ्या यांच्याशी निगडित आहे.

या देशाच्या राष्ट्रीय आरोग्य सेवेचेच उदाहरण घ्या. इंग्लंडमधील या सेवेने ऑक्टोबर २०२० मध्ये, जगातील आरोग्यसेवांत सर्वप्रथम, आपले प्रत्यक्ष कार्बन उत्सर्जन २०४० पर्यंत निव्वळ शून्यावर आणण्याचा संकल्प जाहीर केला. खरेदी-पुरवठ्यातून होणाऱ्या उत्सर्जनासाठी २०४५ ही मुदत ठरली. २०२२ च्या कायद्याने या जबाबदारीस वैधानिक आधार दिला.

परंतु खरे काम झाले ते वॉर्डात. लंडनच्या बार्ट्स रुग्णालयसमूहाने त्यापूर्वीच तीन साध्या गोष्टी कर्मचाऱ्यांपुढे ठेवल्या होत्या : वापरात नसलेली यंत्रे बंद करा, दिवे मालवा, दारे लावा. विजेची बचत झालीच, शिवाय रुग्णांच्या झोपेतील व्यत्ययही घटले. ग्रेट ऑर्मंड स्ट्रीट बालरुग्णालयात २०१८ साली परिचारिकांच्या पुढाकाराने हातमोज्यांचा अनावश्यक वापर थांबविण्यात आला आणि सुमारे २१ टन प्लास्टिक वाचले. डेस्फ्लुरेन हा भुलीचा वायू कार्बन डायऑक्साइडपेक्षा सुमारे २,५०० पट तापमानवाढ घडवितो, हे पटल्यावर अनेक भूलतज्ज्ञांनी तो स्वतःहून सोडला. पुढे स्कॉटलंडने २०२३ मध्ये व इंग्लंडने २०२४ मध्ये त्याचा नित्य वापर बंद केला.

या उदाहरणांचे मर्म काय? संस्थेने उपदेश न करता साधने दिली, कारण समजावून सांगितले आणि त्या कारणाची सांगड रुग्णाच्या हिताशी घातली. वरिष्ठांचे आचरण बदललेले दिसले, की सेवकाचे आचरण बदलण्यास हुकमाची गरज उरत नाही. याउलट, संचालक विमानाने हिंडणार आणि सफाई कामगाराने मात्र कागदाचा तुकडाही वेगळा काढावा, अशी जेथे अपेक्षा असते तेथे भिंतीवरील फलक भिंतीवरच राहतो.

येथे आपल्या समाजाने विशेष सावध असावे. इतरांची घाण उचलण्याचे ओझे शतकानुशतके कोणाच्या माथी मारले गेले, हे आपणांस कोणी सांगावयास नको. हरित धोरणाच्या नावाखाली तेच ओझे सर्वांत कमी वेतनाच्या हातांवर पुन्हा पडता कामा नये. मजूरमंत्री या नात्याने डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी ऑगस्ट १९४२ मध्ये सरकार, मालक व कामगार यांना त्रिपक्षीय परिषदेत एकत्र बसविले. धोरण ठरविताना कामगारांचे स्थान टेबलापाशी असते, हे तत्त्व पर्यावरणाच्या प्रश्नासही लागू आहे.

म्हणून आमचे आवाहन असे : आपल्यापैकी जे अधिकारपदी आहेत त्यांनी प्रथम स्वतःच्या विभागाचा हिशेब मांडावा, जे युनियनमध्ये आहेत त्यांनी हा विषय सभेत आणावा, आणि जे वॉर्डात, स्वयंपाकघरात वा सफाईच्या कामावर आहेत त्यांनी आपली सूचना निर्भयपणे मांडावी. अपव्यय कोठे होतो, हे सर्वांत आधी त्यांनाच दिसते.