चैत्रांगण कुणाच्या हातचं?

परवा एका मावसबहिणीने चैत्रांगणाचं स्टिकर पाठवलं. मागचा कागद सोलायचा, गौरीपुढे चिकटवायचं. पाकिटावर छापलंय की या शुभ आकृत्यांमधून सकारात्मक ऊर्जा बाहेर पडते. शास्त्रीय कारण म्हणे!

मला एकच सांगा. ऊर्जा जर आकृतीतच असेल, तर ती कुणी काढली याला महत्त्व उरत नाही. कारखान्यातल्या यंत्राने छापलेलीही चालते. मग बाबा गेले त्याच्या पुढच्या चैत्रात आईच्या हातची का चालली नाही?

तेव्हा जे घरात होते त्यांना आठवत असेल. चैत्र शुद्ध तृतीया, गौर झोपाळ्यावर बसलेली, आई रांगोळीची वाटी घेऊन पाटाशी येते आणि घरातलं मोठं माणूस म्हणतं, "वहिनी, आता तुम्ही नका बसू. लेकीला काढू दे." आईने वाटी माझ्या हातात दिली आणि आंब्याच्या डाळीसाठी कैरी किसायला आत गेली. डाळ मात्र तिच्या हातची चालली हो! सगळ्यांनी दोनदा मागून घेतली.

मी काढलेलं कासव बटाट्यासारखं दिसत होतं.

आईचं चैत्रांगण बघायला शेजारपाजारच्या बायका येत. शिरगोळ्याची पूड, अंगठा नि तर्जनीची चिमूट, बस. चिन्हं कुणी ५१ सांगतं, आमच्याकडे मोजत नसत. मधे गौर, वर सूर्य-चंद्र, मग शंख, चक्र, गदा, पद्म, तुळशीवृंदावन, नाग, हत्ती, गोपद्मं. शंखाचं वळण घेताना ती श्वास रोखून धरायची. प्रत्येकाचं नाव घेऊन काढायची. का, विचारलं तर म्हणायची, वर्षातून एकदा सगळ्यांना घरी बोलवायचं तर नाव नको का घ्यायला? माझ्यासाठी चैत्रांगणाचा अर्थ एवढाच. तो स्टिकरमधून कसा बाहेर पडणार?

यावर ठरलेलं उत्तर येतं, की त्यात मंगळसूत्र, करंडा, फणी असते, ते सवाष्णीचं काम. ठीक. मग कासव, नाग, सूर्य हे कुणाचं सौभाग्य? आणि चैत्रगौर महिनाभर माहेरी येते असं आपणच म्हणतो ना? माहेरी आलेल्या लेकीसाठी आईने अंगण सजवायचं नाही, हे कुठलं शास्त्र?

२०२२ च्या मे महिन्यात कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीने विधवांचं कुंकू पुसणं, बांगड्या फोडणं, मंगळसूत्र तोडणं बंद करण्याचा ठराव केला. त्याच महिन्यात सरकारनेही इतर ग्रामपंचायतींना तसंच करायला सांगितलं. एका गावाला जमलं. आमच्या घरात सगळे पदवीधर, आणि वाटी अजून माझ्याच हातात!

(स्टिकरवाल्या बहिणीवर राग नाही. तिचे गुडघे दुखतात. पण मग चिकटवून गप्प बसावं, ऊर्जा सांगू नये.)

असो. यंदा मी वाटी आईपुढे ठेवली. ती बराच वेळ नुसती बसून राहिली. मग म्हणाली, "दार लोटून घे." मी नाही लोटलं. हात थोडा कापत होता, शंखाची रेघ दोनदा तुटली. कासव मात्र असं उतरलंय की चालू लागेल. अक्षय्य तृतीयेपर्यंत ठेवणार आहोत. ज्यांना पटत नसेल त्यांनीही यावं, डाळ-पन्हं आहेच.