पडवीतल्या वायफायचा जमाखर्च

मालवण तालुक्यात घराचा कोणता भाग संसाराचा आणि कोणता धंद्याचा असे कोणी विचारले, तर तो परमुलखातला समजावा. कारण 1997 साली सिंधुदुर्ग पर्यटन जिल्हा म्हणून जाहीर झाल्यापासून तारकर्ली-देवबागच्या कितीतरी घरांतून पाहुण्यांच्या खोल्या निघाल्या, आणि 2020 च्या टाळेबंदीत गावी आलेल्या तरुणांपैकी जे पुन्हा मुंबई-पुण्यास गेले नाहीत, त्यांनी काजूबिया वाळत घालायच्या पडवीतच टेबल मांडून कचेरी थाटली. या कचेरीचा एक खर्च मात्र वाडवडिलांच्या कीर्दीत कधी नव्हता, आणि तो म्हणजे माडामाडांवरून लोंबत आलेल्या तारेचे मासिक बिल. ते प्राप्तिकरात वजा मिळते काय, असे वाचक विचारतात.

मिळते, परंतु सगळे नव्हे. 1961 च्या कायद्याच्या कलम 37 ने घातलेली अट अशी, की खर्च सर्वस्वी व केवळ धंद्याकरिता झालेला असावा, भांडवली नसावा आणि खाजगी तर मुळीच नसावा. 1 एप्रिल 2026 ही अंमलाची तारीख धरून केलेल्या 2025 च्या कायद्याने कलमांचे क्रमांक बदलले, तत्त्व बदलले नाही. आता ज्या तारेवरून दिवसा अनुवादकाची हस्तलिखिते जातात, त्याच तारेवरून रात्री आजी मालिका पाहते, नातू खेळ खेळतो आणि चैत्र-वैशाखात हापूसच्या पेट्यांची मागणीही नोंदवली जाते. त्यांपैकी मालिका व खेळ उघडच खाजगी, आणि बागेचे उत्पन्न शेतीचे म्हणून करमुक्त असल्यामुळे त्यापायी झालेला खर्चही वजावटीस अपात्र. उरलेला अंश किती, हे ठरवायचे कोणी? करदात्याने वाजवी प्रमाण मांडायचे आणि अधिकाऱ्याने ते पटल्यास मान्य करायचे, एवढीच आजची रीत आहे.

प्रत्यक्ष आकडे पाहावेत. महिना 700 रुपयांची जोडणी 18 टक्के जीएसटीसह 826 रुपयांस पडते, म्हणजे वर्षाचे 9,912; त्यांतील दोन तृतीयांश कामाचे धरले तर 6,608 रुपये वजा होतील, आणि ज्याचे उत्पन्न नव्या करप्रणालीच्या 15 टक्क्यांच्या पायरीत आहे त्याचा कर उपकरासह हजार-एकतीस रुपयांनी कमी होईल. राउटर विकत घेतला असल्यास तो मात्र भांडवली, त्यावर घसारा मिळतो. आणि संगणकाबरोबर वापरलेला राउटर संगणकाच्याच दराने घसाऱ्यास पात्र आहे, असे मुंबईच्या प्राप्तिकर अपील न्यायाधिकरणाच्या विशेष खंडपीठाने 2010 मध्ये 'डेटाक्राफ्ट' प्रकरणात ठरवले.

येथवर वाचून पावत्या शोधू लागलेल्यांनी जरा थांबावे. संगणकतज्ज्ञ, वकील, वैद्य, वास्तुविशारद अशा नेमून दिलेल्या व्यावसायिकांस कलम 44एडीए खाली 50 लाखांपर्यंतच्या जमेवर (रोखीची जमा 5 टक्क्यांच्या आत असल्यास 75 लाखांपर्यंत) निम्मी रक्कम नफा मानून मोकळे होता येते, आणि उरलेल्या निम्म्यात वायफायचे बिल आधीच गिळलेले असते. ते पुन्हा वेगळे मागणे म्हणजे एकाच आंब्याचे दोनदा पैसे घेणे होय. शिवाय 2025-26 पासून नव्या प्रणालीत 12 लाखांपर्यंतच्या उत्पन्नावर सवलतीमुळे कर शून्य आहे; म्हणजे 24 लाखांची जमा करणारा संगणकतज्ज्ञ, दुसरे उत्पन्न नसल्यास, बिल दाखवो वा न दाखवो, देणे काहीच नाही. पाहुण्यांच्या खोल्या चालवणाऱ्याने 44एडीचा अनुमानित नफा पत्करला तर त्याचीही गत तीच, आणि तो मार्ग एकदा सोडला की पाच वर्षे परतता येत नाही.

प्रश्न उरतो तो त्या यादीत नाव नसलेल्या अनुवादकासारख्यांचा, जे प्रत्यक्ष खर्च दाखवून विवरणपत्र भरतात. त्यांची खरी अडचण कलमाची नसून कागदाची असते: जोडणी सासऱ्यांच्या नावावर, पैसे सुनेच्या मोबाइलवरून, आणि पावती कुणाच्याच हाती नाही! खर्च तिने केला हे खरेच असले तरी ते सिद्ध करण्याचा भार तिच्यावरच येतो. मला वाटते, हजार रुपयांच्या करापायी घरातल्या मालिकांचे तास मोजायला लावणे सरकारला शोभत नाही. ऑस्ट्रेलियात घरून काम करणाऱ्यास, जुलै 2024 पासून, कामाच्या दर तासास 70 सेंट या ठरीव दराने वजावट घेता येते. तीत वीज, फोन, इंटरनेट व लेखनसामग्री सारे आले, आणि नोंद ठेवायची ती कामाच्या तासांची. आपल्याकडे खेड्यापाड्यांतून स्वयंरोजगाराची जाहिरात करणाऱ्या शासनाने असाच एक दर जाहीर करावा. वाटल्यास तो कमी असू द्यावा, पण निःसंदिग्ध असावा.

तो येईपर्यंत जोडणी आपल्या नावावर करून घ्यावी, बिल आपल्याच खात्यातून भरावे, शक्य असल्यास कामाची जोडणी घरच्या जोडणीहून वेगळी ठेवावी, आणि प्रमाण कसे काढले त्याची एक ओळ वर्षारंभीच वहीत लिहून ठेवावी.

— हिशेबनीस