बंद दारांआडची उघडी वाट

अहिल्यानगर जिल्ह्यातील शनिशिंगणापूर सर्वपरिचित आहे. तेथील घरांना चौकट असते, पण कवाडे नसतात. २०११ साली युको बँकेने तेथे शाखा उघडली, तीही कुलुपाविना. शनिदेवावरील श्रद्धा हेच त्या गावाचे कुलूप! याच जिल्ह्यात, सावेडीच्या एखाद्या सदनिकेत मात्र दाराला दुहेरी कुलूप असूनही घरातील गोष्टी बाहेर जात असतात आणि घरच्यांना त्याचा पत्ताही नसतो.

ही वाट दिवाणखान्यातील स्मार्ट टीव्हीतून जाते. अशा अनेक संचांत पडद्यावरील दृश्यांचे नमुने टिपून ते कंपनीकडील साठ्याशी ताडून पाहण्याची सोय असते. सेट टॉप बॉक्समधून आलेले दृश्यही त्यातून सुटतेच असे नाही. कोणते कीर्तन, कोणती मालिका, कोणत्या पक्षाची सभा किती वेळ पाहिली, यावरून कुटुंबाची आवडनिवड आणि मते ताडता येतात आणि जाहिरातदारांना विकताही येतात. अमेरिकेत व्हिझिओ कंपनीवर १ कोटी १० लाख संचांतून संमतीविना अशी माहिती गोळा केल्याचा आरोप झाला. २०१७ मध्ये २२ लाख डॉलर भरून तिने तो मिटवला. डिसेंबर २०२५ मध्ये टेक्सास राज्याने सोनी, सॅमसंग, एलजी, हायसेन्स आणि टीसीएल यांना याच कारणासाठी न्यायालयात खेचले. यांतील बहुतेक नावे आपल्या बाजारपेठेतही परिचित आहेत.

सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये खासगीपणा हा मूलभूत अधिकार असल्याचा निर्वाळा दिला. २०२३ मध्ये वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा झाला, नोव्हेंबर २०२५ मध्ये त्याचे नियमही आले. त्यांची कठोर अंमलबजावणी झालीच पाहिजे. परंतु न वाचलेल्या करारावर ‘सहमत आहे’ असे रिमोटने सांगणारा हात आपलाच असतो, तेथे कायदा कितीसा पुरणार?

उपाय कठीण नाहीत. संचाच्या सेटिंग्जमध्ये जाऊन पाहण्याची नोंद व ध्वनिग्रहण बंद करावे. इंटरनेटची गरज नसेल तर संच त्याला जोडूच नये. बातम्या, मालिका आणि भजनांसाठी दूरदर्शनची मासिक शुल्काविना चालणारी फ्री डिश आणि साधा संच पुष्कळांना पुरेसा आहे.

स्वदेशीचा आग्रह वस्तूपुरता नसतो. घराची सूत्रे घरच्यांच्या हाती असणे, हाही त्याचाच भाग आहे. कुटुंब प्रबोधनाच्या पुढील बैठकीत हा विषय अवश्य घ्यावा आणि त्याआधी आपल्याच घरातील संच तपासावा. शिंगणापूरकरांनी दारे काढली ती जाणीवपूर्वक. आपण नकळत उघडी टाकू नयेत.