रंध्याचं तोंड



आमचं वरूड म्हणजे संत्र्यांचं गाव. संत्र्याच्या लाकडी पेटीवर कधी हात फिरवलाय? बारीक कुसळं टोचतात. आता घरातल्या पाटावर हात फिरवून पाहा. कसा गुळगुळीत लागतो! लाकूड दोन्हीकडे आहे, मग फरक कशाचा? फरक रंध्याचा! पेटीच्या फळ्या करवतीखालून निघतात आणि तशाच ठोकल्या जातात. पाटावरून मात्र रंधा फिरलेला असतो.

आज एका रंध्याचीच गोष्ट सांगतो. तिच्यात माझी एक चूकही आहे. गुरुजींची चूक म्हटल्याबरोबर कान टवकारले ना?

झालं असं, वर्गातल्या पुस्तकांसाठी मांडणी करावी म्हणून मी बाजारातून एक जुना लाकडी रंधा आणला. फळी चांगली सागवानाची होती. पण रंधा चालवला की लाकूड सोलून निघण्याऐवजी त्याचे टवकेच उडायचे. पात्याला धार लावली, तरी तेच. लाकूडच खराब, असं ठरवून मी फळी घेऊन गल्लीतल्या वाढईबुवांकडे गेलो. (आमच्या वऱ्हाडात सुताराला वाढई म्हणतात, बरं का.)

बुवांनी फळीकडे पाहिलंसुद्धा नाही. रंधा उलटा केला अन् म्हणाले, “गुरुजी, लाकूड बेस हाये. रंध्याचं तोंड फाटलं हाये.”

रंध्याच्या तळाला एक आडवी फट असते. तिच्यातून पात्याची धार जराशी बाहेर डोकावते. हेच त्याचं तोंड. आता गंमत पाहा. कुऱ्हाड लाकडात शिरली की लाकूड तिच्या पुढे पुढे फाटत जातं. पातंही तेच करू पाहतं. पण फटीची पुढची कड लाकूड दाबून धरते, म्हणून ते फाटत नाही, पातळ छिलका निघतो. ती कड पात्यापासून लांब गेली, की दाबणारं कोणी उरत नाही आणि टवके उडतात. ही फट वरच्या बाजूला रुंद होत गेलेली असते. त्यामुळे तळ जसा झिजतो, तसं तोंड मोठं होत जातं. तिथे लाकडाचं ठिगळ बसवता येतं. पण माझा रंधा फारच झिजला होता. बुवा म्हणाले, “पातं चांगलं हाये. लाकूड नवं करू.”

त्यांनी कोपऱ्यातून जुन्या तिफणीचं बाभळीचं खोड काढलं. बाभूळ कठीण आणि चिवट, आणि हे लाकूड कितीतरी वर्षं वाळलेलं. ओल्या लाकडाचा रंधा केला, तर तो वाळताना वाकडा होतो. वीतभर लांबीचा ठोकळा कापला. आता पातं बसवायला ४५ अंशांची तिरपी रेघ आखायची होती. बुवांनी हाक मारली आणि त्यांचा नातू बाहेर आला. पाहतो तर माझ्याच वर्गातला, पाचवीतला मुलगा! मला पाहून त्याने मान खाली घातली.

का, ते मला ठाऊक होतं. महिन्यापूर्वी कोनांच्या चाचणीत त्याला कमी गुण मिळाले, तेव्हा सगळ्या वर्गासमोर मी म्हणालो होतो, “अभ्यास कर, नाहीतर जन्मभर रंधा ओढत बसशील.” मुलं हसली होती. तो हसला नव्हता.

त्या मुलाने वहीच्या कागदाचा चौरस केला, समोरासमोरची टोकं जुळवून घडी घातली आणि ठोकळ्यावर ठेवून रेघ मारली. ४५ अंश! ना कोनमापक, ना काही. चाचणीत चुकलेला कोन त्याच्या हातात पक्का होता.

मग बुवांनी पटाशीने खाच कोरली. पातं जिथे टेकतं ती बाजू अगदी सपाट लागते. नाहीतर पातं थरथरतं आणि फळीवर लाटा उमटतात. उंचवटे शोधायला त्यांनी पात्याच्या पाठीला माझा निळा खडू फासला आणि पातं दाबलं. जिथे निळं उमटलं, तिथे खरवडलं. असं किती वेळा केलं, मोजायचं मी सोडून दिलं! शेवटी पाचर ठोकून पातं घट्ट केलं. धार जरा आतच ठेवून, काचेवर अंथरलेल्या पॉलिश पेपरवर तळ घासला. पाचर आधीच का ठोकायची? तिच्या दाबाने ठोकळा किंचित फुगतो, म्हणून.

पाचरेची ही युक्ती फार जुनी आहे. इटलीतलं पाँपेई शहर इ.स. ७९ मध्ये ज्वालामुखीच्या राखेखाली गाडलं गेलं. तिथे सापडलेल्या रोमन रंध्यांमध्येही पातं पाचरेनेच अडकवलेलं असे. जपानी सुतार रंधा पुढे ढकलत नाहीत, स्वतःकडे ओढतात. पातं मात्र त्यांच्याही रंध्यात लाकडी ठोकळ्यातच बसवलेलं असतं.

सोमवारी मी तो रंधा वर्गात नेला. आधी त्या मुलाची सगळ्यांसमोर माफी मागितली. मग म्हणालो, “आज तू शिकव.” त्याने पात्याच्या डोक्यावर हातोडीने हलकेच टिचकी मारली, तशी धार केसभर खाली आली. जास्त आली, तेव्हा रंध्याच्या मागच्या बाजूवर ठोकलं, आत गेली. फळीवरून रंधा फिरला आणि ‘सर्रर्र’ आवाज करत लांबलचक छिलका निघाला. तो साऱ्या वर्गात हातोहात फिरला. आता कोणीच हसत नव्हतं.

आईबाबांनो, दोन शब्द तुमच्यासाठी. १९३७ मध्ये आपल्या शेजारच्या वर्ध्यात गांधीजींच्या अध्यक्षतेखाली शिक्षण परिषद भरली. तिच्यातून निघालेल्या नयी तालीमच्या योजनेत सुतारकाम हा शाळेचा विषय होता. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणातही सहावी ते आठवीच्या मुलांनी दहा दिवस दप्तराविना सुतार, माळी, कुंभार यांच्याकडे शिकावं, असं सुचवलं आहे. मग ‘अभ्यास कर, नाहीतर...’ हे वाक्य आपण पुरं का करावं? मी ते सोडलंय.

आणि मुलांनो, या आठवड्यात एवढं कराच. चौरस कागदाची घडी घालून ४५ अंशांचा कोन करा. मग मोठ्या माणसाबरोबर जवळच्या सुतारकाकांकडे जा आणि विचारा, “काका, तुमचा रंधा कोणी केला?” पात्याला मात्र हात लावायचा नाही हं! फळीवरून हात फिरवा, आधी एका बाजूने, मग उलटा. एका बाजूला गुळगुळीत लागेल, दुसऱ्या बाजूला किंचित खरखरीत. मांजराच्या पाठीवरून उलटा हात फिरवल्यासारखं! रंधा कोणत्या बाजूने चालवायचा, ते तुमचं तुम्हालाच कळेल.

तुमचे,
गुरुजी